कोकणातल्या छोट्या परसात कुत्र्यासाठी कृत्रिम गवत बसवताना

रत्नागिरी, चिपळूण, मालवण, अलिबाग अशा शहरांत बैठ्या घरामागे उरतं ते जेमतेम दहा-बारा फूट परस. त्यात कुत्रा असला की पावसाळ्यात तांबडा चिखल घरभर होतो आणि उन्हाळ्यात जागोजाग उकरलेले खड्डे दिसतात. कृत्रिम गवत हा त्यावर चांगला उपाय आहे. मात्र आपल्याकडे ते फसतं ते खालच्या थरामुळे. गवत कितीही महागाचं घ्या, खालून पाणी निघालं नाही तर मूत तिथेच मुरतं आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात गोठ्यापेक्षा उग्र वास सुटतो.

काम नोव्हेंबर ते मेचा पहिला पंधरवडा यातच उरका. सांध्याचा गोंद ओल्या पृष्ठभागावर धरत नाही. किनाऱ्याजवळ सकाळी दव असतं, म्हणून चिकटवायचं काम दहानंतर घ्या.

खालचा हिशोब ३ × ४ मीटरच्या, म्हणजे १२ चौरस मीटर परसाचा आहे. एवढ्या जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,२०० लिटर पाणी होतं, आणि आपल्याकडे असे दिवस एका पावसाळ्यात अनेक येतात. त्यात कौलांची पागोळी परसात पडत असेल तर आधी पन्हळ लावून घ्या. नाहीतर पागोळीच्या धारेखाली गवतात भरलेले दाणे दर पावसाळ्यात वाहून जातील.

माती १० सेंटिमीटर खणून काढा. उतार घराकडून बाहेर, दर मीटरला दीड सेंटिमीटर, म्हणजे ४ मीटरला ६ सेंटिमीटर ठेवा. तो डोळ्यांनी न ठरवता पाण्याच्या लेव्हल पाइपने मोजा. तळ धुमसाने ठोकून त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरा. त्याऐवजी ताडपत्री घालू नका, पाणी वरच तुंबेल. मळ्याची चिकण जमीन असेल तर न खणता थर वर उचलून घ्या, कारण तिथे खड्डा म्हणजे डबकंच.

कापडावर साडेसात सेंटिमीटर काळी खडी, १२ ते २० मिलिमीटरची. ठोकल्यावर ती बसते, म्हणून सुमारे ३७ घनफूट मागवा, म्हणजे ब्रासच्या (१०० घनफूट) तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. त्यावर अडीच सेंटिमीटर ६ मिलिमीटरची ग्रिट (बारीक खडी), साधारण १२ घनफूट. गवंडी सवयीने कच (दगडाचा भुकटीसकट चुरा) टाकायला सांगेल, कारण ती घट्ट बसते. बागेच्या गवताखाली ते चालतं. कुत्र्यासाठी मात्र नको, कचेतली भुकटी मूत धरून ठेवते. जांभ्याचे तुकडेही नकोत, ते सच्छिद्र असतात आणि पुढे त्यांचाच चिखल होतो. ग्रिट थोडी सरकते, म्हणून चारही बाजूंनी चिऱ्यांची चौकट बांधा आणि उताराच्या कडेला चिऱ्यांत पाणी जायला फटी सोडा. तिथून पाणी गटारात किंवा शोषखड्ड्यात न्या. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, त्यामुळे एवढं अंतर नसेल तर शोषखड्ड्याचा विचार सोडा.

खाली कातळ किंवा सिमेंटचा कोबा असेल तर खणू नका. उतार नीट असल्याची खात्री करून प्लॅस्टिकच्या ड्रेनेज जाळ्या अंथरा आणि गवत फक्त कडेला चिकटवा. पूर्ण चिकटवलेल्या गवताखालून वास काढता येत नाही.

गवत पॉलिइथिलिनचं, २५ ते ३० मिलिमीटर उंचीचं घ्या. नायलॉन मूत शोषतं, आणि ४० मिलिमीटरच्या गवतात विष्ठा अडकते. दुकानातच तुकडा आडवा धरून त्यावर तांब्याभर पाणी ओता. पाणी सगळीकडून गळायला हवं. फक्त दूर-दूरच्या भोकांतून गळत असेल तर दोन भोकांमध्ये मूत साचेल.

रोल सहसा २ मीटर रुंद असतो. ३ मीटरच्या बाजूने दोन पट्ट्या टाकल्या तर एकच सांधा येतो आणि वाया काही जात नाही. सांध्यावर दोन्ही कडांचे एक-दोन टाके (गवत शिवलेल्या ओळी) कापावे लागतात, म्हणून चौकटीची ४ मीटरची बाजू ३.९५ मीटरची धरा. गवत दोन तास उन्हात पसरून ठेवा, दोन्ही पट्ट्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवा आणि कापताना पाठीमागून, टाक्यांच्या रांगांमधून कापा. सांध्याखाली ३० सेंटिमीटर रुंद टेप आणि दोन भाग मिसळून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद. कडेला दर १५ सेंटिमीटरवर खिळा, म्हणजे एकूण शंभरेक. खिळे ६ इंची घ्या, म्हणजे थर ओलांडून मातीत रुततील. खाऱ्या हवेत साधा खिळा गंजतो, त्याचं डोकं वर येतं आणि पंजाला लागतं, त्यामुळे इथे स्टेनलेसच.

शेवटी गवतात भरायला १ ते २ मिलिमीटर दाण्याचं झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज), चौरस मीटरला ५ किलो, म्हणजे ६० किलो. ते अमोनिया धरून ठेवतं. कोरड्या दिवशी दोन-तीन वेळा थोडं थोडं टाकून कलाविरुद्ध झाडूने घासा. रबराचा चुरा तापतो आणि वास धरतो, तो टाळा. पुळणीची वाळू तर आणूच नका. तिच्यातलं मीठ ओल ओढतं, आणि ती उचलणं किनाऱ्याच्या नियमांतही बसत नाही.

नोव्हेंबर ते मे, जिथे कुत्रा रोज मुततो त्या कोपऱ्यावर रोज बादलीभर पाणी ओता. आठवड्यातून एकदा एन्झाइमचा क्लीनर मारा. ब्लीच नको, मुतातल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो. फिनेलही नको, घरात मांजर असेल तर अजिबातच नाही. मेच्या दुपारी तळहाताची मागची बाजू सात सेकंद गवतावर टेकवा. चटका बसला तर पंजालाही बसेल, तेव्हा शेड नेट लावा.

पावसाळ्यात सावलीच्या भागात शेवाळ धरतं, म्हणून वरच्या फांद्या छाटा आणि कडक ब्रश फिरवा. विष्ठा लगेच उचला, पावसात ती विरघळून खाली उतरते. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) उंदरांच्या आणि कुत्र्यांच्या मुतातून पसरतो, त्यामुळे धुताना गमबूट घाला, हातापायाची जखम झाकून घ्या, आणि कुत्र्याची लेप्टोची लस दरवर्षी पावसाआधी पूर्ण करा. गणपतीनंतर ऊन पडलं की झिओलाइटची पातळी बघा. साधारण १० ते १५ किलो भर टाकावी लागते.