तीन गोळ्यांवरून रायफलीची परीक्षा होत नाही

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी आजोबांची तीनशे पंधरा बोअरची शिकारी रायफल होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिचे शिकारीतले काम संपले. पुढे रीतसर परवाना काढून ती मी माझ्या नावावर करून घेतली आणि नेमबाजी शिकू लागलो, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हा, की नेम चुकतो तो माझ्यामुळे की रायफलीमुळे.

मान्यताप्राप्त रेंजवर १०० मीटरवरून मी तीन गोळ्या झाडल्या. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर ५५ मिमी भरले आणि तो कागद मी मोठ्या अभिमानाने मामांना दाखवला. मामांची सारी नोकरी महूच्या छावणीत गेलेली, ते एवढेच म्हणाले, "आणखी सात झाड, मग बोलू." पुढच्या खेपेस दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, ९५ मिमीचा निघाला.

रायफल मधल्या काळात बिघडली नव्हती. गोळ्या एका मध्याभोवती विखुरतात आणि त्या जितक्या अधिक झाडाव्यात तितकी एखादी दूर पडण्याची शक्यता वाढते, म्हणून त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपापेक्षा सरासरीने दीडपटीहून मोठा येतो. काडतुसे महाग असतात, परवान्यावर त्यांची मर्यादाही नोंदलेली असते, त्यामुळे तिनांवर थांबण्याचा मोह मी समजू शकतो. पण मग त्या कागदावरून रायफलीची कुवत ठरवू नये. "ती एक माझ्या चुकीने गेली" असे म्हणून नको असलेले छिद्र मोजणीतून वगळणे तर त्याहून वाईट.

मोजताना अंतर छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरावे. नेमबाज ग्रुप कोनाच्या मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत, सांगतात. असा एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर सुमारे २९ मिमी, म्हणजे माझा दहा गोळ्यांचा ग्रुप सव्वातीन मिनिटांच्या आसपास होता. ग्रुप लक्ष्याच्या मध्यापासून बाजूला पडला तर तो दोष साइटच्या, म्हणजे नळीवरच्या नेम धरण्याच्या साधनाच्या, जुळवणीचा असतो. या परीक्षेत पाहायचा तो विखुरण्याचा आकार. रायफलीचा पुढचा लाकडी भाग वाळूच्या पिशवीवर टेकवावा, नळी कधीही टेकवू नये, काडतुसे एकाच लॉटची घ्यावीत आणि दर पाच गोळ्यांनंतर नळी निवू द्यावी. कानांना संरक्षण हवेच. आमच्या माळव्यात मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरू लागते आणि लक्ष्य डोळ्यांसमोर हलते, म्हणून मी सकाळी लवकर जातो.

बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या या रायफलीचा लाकडी दस्ता ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीप्रमाणे दोन भागांचा असतो, आणि मागचा भाग आतल्या लांब बोल्टने जखडलेला असतो. माझ्या रायफलीचा तो बोल्ट सैल झाला होता. परवानाधारक कारागिराकडून तो आवळून घेतल्यावर दहा गोळ्या ७० मिमीत बसल्या. मात्र एका ग्रुपावरून बोल्टला श्रेय देणे म्हणजे पहिलीच चूक नव्याने करणे होते, म्हणून आणखी दहा काडतुसे खर्ची घातली. तो ग्रुप ७४ मिमीचा आला, आणि त्यानंतरच मी स्वतःच्या चाप ओढण्याच्या दोषांकडे वळलो.