रिकंबंटच्या जाळीच्या सीटचा झोळ कसा काढला

माझी तीनचाकी रिकंबंट आहे, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल; सीट जाळीची, मागून नायलॉनच्या पट्ट्या आणि बकलांनी फ्रेमवर ताणलेली. उन्हाळ्यात पाठीला घाम साचत नाही म्हणून मला ती फोमपेक्षा कधीही आवडते. पण जाळी हळूहळू सैल पडतेच, आणि मग खड्डा आला की फ्रेमचा आडवा पाइप माकडहाडाला सणकून लागायला लागला.

सीट काढून सगळ्या पट्ट्या सैल केल्या, जाळी कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुतली कारण घामाचं मीठ नि बारीक रेती विणीत बसली की धागे खात राहते, आणि सावलीत वाळवली, उन्हाने नायलॉन कमजोर होतं. मग पट्ट्या खालून वर थोड्या थोड्या ओढत गेलो, एकदम एकच आवळली की जाळी तिरकी बसते. बुडाखालच्या आणि कमरेच्या चांगल्या कडक, खांद्याकडच्या जरा ढिल्या, नाहीतर पाठ पुढे ढकलली जाते. बकलाजवळ एका पट्टीचे धागे पिंजले होते, ती सरळ बदलली, तिथे काटकसर नकोच.

आणि हो, जाळी ताणली की आपण थोडे वर नि पुढे येतो, पेडल जवळ वाटतं, त्यामुळे बूम, म्हणजे पेडल बसवलेला पुढचा सरकता पाइप, जरासा बाहेर काढावा लागला. बूम जास्त सरकवलात तर चेनची लांबीही बघा.