पिकअपचा ब्रेक खरखरायलाय? खोलायच्या आधी हे बघा

ब्रेक दाबला की खर्रर्र वाजतंय म्हणलं की गॅरेजवाला लगेच म्हणतो पॅड संपले, टाकून घ्या. आन बऱ्याचदा पॅड संपलेलेच असतात, तो खोटं बोलत नाही. पण ते कामून संपले हे कुणी बघत नाही, मग नवे टाकलेले पॅड पण थोड्याच महिन्यात परत तसेच वाजायला लागतात आणि आपण पॅडवाल्याला शिव्या देत बसतो. बोलेरो पिकअप घ्या, योद्धा घ्या नाहीतर दोस्त घ्या, पुढं डिस्क आन मागं ड्रम, त्यामुळं तपासायची पद्धत जवळपास सारखीच आहे.

पहिल्यांदा काहीच खोलू नका. आधी बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत लेव्हल बघा, गाडी चालू करून पेडल दाबून बघा. पेडल कडक लागत असेल तरच पुढची टेस्ट करायची. पेडल खाली जात असेल, पंप मारल्यावरच ब्रेक लागत असेल नाहीतर चाकाच्या आतून ऑइल गळायलंय असं दिसलं तर गाडी जागची हलवू नका, मिस्तरीला जागेवर बोलवा. आणि लेव्हल खाली दिसली म्हणून लगेच ऑइल ओतू नका. पॅड झिजले की पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) बाहेर येतो, त्याच्या मागं ऑइल भरतं, म्हणून डबीतलं कमी होतं. म्हणजे ती कमी झालेली लेव्हलच सांगायलीय की पॅड झिजलेत. वरून भरून ठेवलं तर ही खूण पण जाते आणि नवे पॅड टाकताना पिस्टन मागं ढकलला की जास्तीचं ऑइल बाहेर येऊन बोनेटखालचा रंग खातं.

आता टेस्ट. रिकामी गाडी, काचा खाली, टेप बंद, शेजारी एक माणूस कान देऊन. मोंढ्याच्या (धान्याच्या बाजाराच्या) कंपाउंडची लांब भिंत असती ना, सकाळी गर्दी नसताना तिच्या कडेनं २०-३० च्या स्पीडनं जावा, आवाज भिंतीवर आपटून सरळ कानात येतो आणि कुठल्या बाजूचा आहे ते कळतं. मग उलट दिशेनं या म्हणजे दुसरी बाजू पण तपासून होते. आता नीट धरायचं ते हे, की आवाज ब्रेक दाबल्यावरच येतो, का ब्रेक न दाबता पण येत राहतो.

ब्रेक दाबला की बारीक चीं असा चिरकणारा आवाज आला तर तो इशारा आहे, बऱ्याच पॅडला एक पत्र्याची जीभ असती ती पॅड झिजल्यावर डिस्कला टेकून मुद्दाम वाजते. अजून थोडा टाइम आहे तुमच्याकडं. पण जाड खरखर, पेडलमधून पायाला सुद्धा जाणवणारी, ती आली म्हणजे पॅडवरचा घासणारा थर, म्हणजे मसाला संपला आणि मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासायली. तिथून पुढं प्रत्येक ब्रेकला डिस्क खराब होत जाती, पॅडच्या पैशात भागणारं काम डिस्कच्या पैशावर जातं.

आवाज सारखाच येतोय, ब्रेकचा काही संबंध नाही, पत्रा घासल्यासारखा सर्रर्र, तर आधी खडा धरा. आपल्याकडं शेतातून माल काढायचा म्हणजे मुरमाचा रस्ता आणि पाऊस झाला की काळी माती, ती चाकात अशी बसते की रिम दिसत नाही. डिस्कच्या मागं पातळ पत्रा असतो त्याच्यात आन डिस्कमध्ये खडा अडकला की लई भयानक आवाज येतो, माणसाला वाटतं चाक निघून चाललं. गाडी थोडी मागं घ्या, पुढं घ्या, दोन-तीनदा असं केलं की कधी कधी आपोआप पडतो. नाहीतर चाक काढून स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा जरासा मागं वाकवायचा. खर्च शून्य.

रात्री पाऊस झाला, गाडी उघड्यावर होती आन सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर झाली मग गेली, तर तो डिस्कवरचा गंज, काही करायची गरज नाही. ज्या गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) आहे तिला चिखलात जोरात ब्रेक मारल्यावर पायाला थरथर आन खट खट लागतं, ते पण काम करायलंय म्हणून.

घरघर आवाज स्पीडसोबत वाढतो, ब्रेक लावा न लावा, आणि वळणावर बदलतो, तर बेअरिंगवर संशय घ्या. गाडी उजवीकडं वळवली की वजन डाव्या चाकांवर जातं, त्यावेळी आवाज वाढला तर डावं बेअरिंग बघायचं, उलट असेल तर उजवं. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ लागला नाहीतर हातानं फिरवताना आत खडबड जाणवली तर तेच.

अजून एक तपासणी फुकटातली. ब्रेक फार न मारता पाच-सात किलोमीटर चालवा, शेवटी पण गाडी हळूहळू थांबू द्या आणि उतरून प्रत्येक रिमच्या जवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ. एकच चाक भट्टीसारखं तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही, आत काहीतरी जाम आहे. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र मारू नका, वाकडी होते नाहीतर तडकते.

आता खोलायचं. सपाट कडक जागा, काळ्या मातीत जॅक लावायचा तर खाली जाड फळी. पुढचं चाक उचलायचं तर मागच्या चाकाला दोन्हीकडून दगड, गाडी गिअरमध्ये. नट जमिनीवर असतानाच ढिले करायचे. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली घुसायचं नाही, चेसीखाली स्टँड किंवा जाड ओंडका पाहिजेच. ब्रेकमधली पावडर तोंडानं नाहीतर कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये (ड्रममधल्या घासणाऱ्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसाला घातक, ओल्या फडक्यानं पुसा.

पुढचे पॅड काढले की लगेच फेकू नका. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही शेजारी ठेवून बघा, खरी माहिती इथंच मिळते. नव्या पॅडला साधारण १० ते १२ मिलीमीटर मसाला असतो, ३ वर आला की बदलायचा. दोन्ही चाकाचे चारही पॅड सारखेच झिजलेले असतील तर ती नैसर्गिक झीज, टाका नवे आन विषय संपला. पण आतला पॅड लोखंडाला आला आणि बाहेरचा अजून अर्धा शिल्लक आहे, तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या पिना जाम आहेत. बहुतेक पिकअपचा कॅलिपर सरकता असतो, पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि पिनांवर सरकून कॅलिपर बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. पिनात माती-पाणी जाऊन गंज धरला की कॅलिपर सरकत नाही, सगळा भार आतल्या पॅडवर. रबरी बूट फाटलेला असतो तिथूनच माती जाते. अशा वेळी नुसते पॅड बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. पिना काढून साफ करायच्या, बूट नवे घालायचे आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. चाकाचं साधं ग्रीस नको, ते रबर फुगवतं. ह्या पिनांना बरेच मिस्तरी हातच लावत नाहीत, म्हणून समोर उभं राहून काढायला लावा.

पॅड एका कडेला पातळ आन दुसऱ्या कडेला जाड, तिरका झिजला असेल तरी पिना नाहीतर पॅड बसायच्या खाचा बघायच्या. एका चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्या चाकाचे जाड आहेत, तर त्या चाकाचा पिस्टन मागं येत नाही नाहीतर ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगलाय. ओळखायची सोपी युक्ती आहे, चाक जाम असताना कॅलिपरची हवा काढायची निप्पल जराशी ढिली करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकलं होतं, पाइप बघा. तरी मोकळं झालं नाही तर पिस्टन किंवा पिना जाम. निप्पल उघडली की नंतर हवा काढावीच लागते हे ध्यानात असू द्या. आणि काढलेला कॅलिपर त्या पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेनं वर बांधा.

डिस्कवर नख फिरवा. बारीक रेघा चालतात, नख अडकण्याइतक्या खोल नाळ्या पडल्या असतील तर डिस्क टर्निंगला, म्हणजे लेथवर घासून सपाट करायला द्यायची नाहीतर बदलायची. कमीत कमी किती जाडी पाहिजे ते मिलीमीटरमध्ये डिस्कवरच कोरलेलं असतं. लेथवाल्याला तो आकडा आधी दाखवा, नाहीतर तो घासून गुळगुळीत करून देईल आणि डिस्क मापाच्या खाली जाईल.

मागचे ड्रम. हँडब्रेक सोडा, पुढच्या चाकांना दगड. ड्रम जाम असेल तर बऱ्याच ड्रमला दोन आटेदार भोकं असतात, त्यात बोल्ट आवळत गेलं की ड्रम बाहेर येतो. तरी येत नसेल तर घणानं मारत बसू नका, मिस्तरीकडं न्या. आत बघायचं काय, तर लायनर रिबिटाचा असेल तर रिबिटाच्या डोक्याच्या वर मसाला उरलाय का, रिबिटानं ड्रमला गोल चर पाडलाय का, स्प्रिंग तुटलीय का, लायनरचा तुकडा सुटून आत फिरतोय का. आणि ओलं आहे का. पातळ असेल तर ते ब्रेक ऑइल, ड्रममधलं व्हील सिलिंडर लीक, घट्ट उग्र वासाचं असेल तर ते गिअर ऑइल, ॲक्सलचं सील गेलं. कुठलं पण असो, भिजलेले लायनर पेट्रोलनं धुवून परत बसवायचा जुगाड नको, लीक बंद करून दोन्ही बाजूचे लायनर नवे.

आता लोडचं. वसमतची हळद नाहीतर लातूरच्या मोंढ्याला सोयाबीन, दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरायचे आणि ब्रेक टिकत नाहीत म्हणायचं, हे जमत नाही. मांजरसुंब्याचा घाट असो का कन्नडचा, उतरताना सेकंड-थर्ड गिअर आन इंजिनवर गाडी रोखायची. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे लोक आहेत अजून, इंजिन बंद केलं तर पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरचं व्हॅक्यूम पण जातं आणि पेडल दगड होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ३ ग्रेडचं ऑइल कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरल्यावर ते १४० पर्यंत खाली येऊ शकतं, डॉट ४ चं हेच २३० आणि १५५. लोखंडावर लोखंड घासत घाट उतरलं तर ऑइल उकळून पेडल सरळ खाली जातं. म्हणून खरखर सुरू असताना भरलेली गाडी घाटात घालायचीच नाही, आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं.

गॅरेजला गेल्यावर "ब्रेक वाजायलाय" एवढंच सांगू नका. "पुढं डावीकडं, दाबल्यावरच, रिम पण तापतंय, आतला पॅड आणि पिना बघा" असं सांगा, मग तो उगं चारही चाकं खोलत बसत नाही. जुने पार्ट परत मागून घ्या.

काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, पिस्टन मागं ढकललेला असतो त्यामुळं पहिले काही दाब पोकळ जातात, गॅरेजच्या दारातच लोक समोरच्या गाडीला ठोकतात ते ह्याच्यामुळं. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ५० वरून २० पर्यंत हळूवार ब्रेक, थोडं चालवून थंड होऊ द्यायचं, परत तसंच, आठ-दहा वेळा. पहिले दोन दिवस फुल लोड नको. आणि चाकाचे नट समोरासमोरचे आवळत जायचे, ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर परत एकदा पाना लावून बघायचे.