स्पॅनिश शब्द युक्त्यांनी पाठ करताय? मग या चुका टाळा

स्पॅनिश शिकणाऱ्यांकडून एक तक्रार सारखी ऐकू येते, की युक्त्या वापरून बघितल्या, चित्रं डोक्यात बसली पण, तरी बोलायच्या वेळी शब्द काय तोंडात येत नाही, आणि मग "आपल्याला हे जमायचं नाही" म्हणून वही बंद. माझं स्पष्ट मत आहे की युक्ती वाईट नसते, ती बनवताना गडबड झालेली असते, आणि बऱ्याचदा गडबड एकच असते, युक्ती कानावरून बनवायच्या ऐवजी इंग्रजी स्पेलिंगवरून बनवलेली असते. मराठी माणसाला स्पॅनिशसाठी कान आणि जीभ बऱ्यापैकी तयार मिळालीय, आणि ते सोडून आपण इंग्रजीच्या वळणानं का जातो हे मला खरंच कळत नाही.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. परका शब्द ऐकायचा, त्याच्यासारखा वाजणारा आपल्या भाषेतला शब्द शोधायचा, आणि तो शब्द आणि खरा अर्थ दोन्ही एकाच चित्रात अडकवायचे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७५ साली स्पॅनिश आणि रशियन शब्दांवर ही पद्धत तपासून छापली होती, म्हणजे हे कुणीतरी यूट्यूबवर काढलेलं खूळ नाही. आता उदाहरण घ्या, दूध म्हणजे 'लेचे'. कोल्हापूरच्या गंगावेशीतला दूध कट्टा डोळ्यासमोर आणा, समोरच म्हैस पिळून फेसाळ दूध पेल्यात देतात तो, आणि तिथं एक लेचापेचा पैलवान उभा आहे आणि पेल्यामागून पेले रिचवतोय. लेचापेचा, लेचे, दूध. कोल्हापूरच्या माणसाला हे परत सांगावं लागत नाही.

स्पेलिंग बघून युक्ती बनवणे

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं म्हणून इथं जरा थांबतो. आमच्या ग्रुपातली एक ताई शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते, तिनं खुर्चीसाठीचा शब्द ॲपवर वाचला, स्पेलिंगमध्ये डबल एल दिसला म्हणून तिनं 'सिल्ला' असा वाचला आणि त्यावरून 'शिळा' धरून दगडी खुर्चीचं चित्र बनवलं. चित्र झकास होतं. पण ऑडिओत बाई म्हणते 'सिया', आणि ताईच्या डोक्यात काहीच वाजत नाही, कारण डबल एलचा उच्चार बहुतेक ठिकाणी 'य' च्या जवळचा असतो (ब्युनोस आयरेसकडं तर तो 'श' होतो). कार्डावर लिहिलेला शब्द तिला लगेच ओळखता यायचा, कानावर पडलेला यायचा नाही. मग तिनं शिळा टाकली आणि रामायणातली सिया खुर्चीवर बसवली, विषय संपला.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी ऑडिओ दोन-तीनदा ऐका, मग जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहा, आणि मगच युक्ती शोधा. स्पेलिंग सगळ्यात शेवटी बघा. देवनागरीत लिहायचा फायदा मोठा आहे, कारण स्पॅनिशमधले 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातावर जीभ लावून येतात, इंग्रजीतनं आलेला माणूस 'टोमाटे' म्हणतो, आपण सरळ 'तोमाते' म्हणू शकतो. स्वर पण पाचच, आ ए इ ओ उ, स्वच्छ. 'जे' (j) या अक्षराचा उच्चार स्पेनमध्ये घशातला 'ख', लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'ह' च्या जवळ. एच लिहितात पण बोलत नाहीत. व्ही आणि बी दोन्ही 'ब' सारखेच.

एवढं कळलं की बघा काय काय हाताला लागतंय. लसूण म्हणजे 'आहो', आता कुठल्या मराठी घरात स्वयंपाकघरातनं "अहो, तेवढा लसूण आणा" असा आवाज येत नाही? पांढऱ्या रश्श्याचं वाटण अडून राहिलंय, अहो दारात पिशवी घेऊन उभे, बास. स्पेलिंग बघून 'आजो' वाचला असता तर कदाचित आजोबा आठवले असते आणि ऐकताना परत गोची. गाय म्हणजे 'बाका' (स्पेलिंग vaca), तर बागेतल्या बाकावर ऐसपैस बसलेली गाय. इंग्रजी साइटवर याच शब्दाला वॅक्यूम क्लीनर चिकटवलेला असतो, तो तिकडच्यांना चालेल, आपल्या कानाला त्याचा काय उपयोग? बूट म्हणजे 'सापातो', आणि पावसाळ्यात बूट झटकल्याशिवाय पाय घालू नको, 'साप आत' असेल, हे आपल्याकडं प्रत्येकानं लहानपणी ऐकलेलं असतं. एक ध्यानात ठेवा, स्पेनच्या बऱ्याच भागात हाच शब्द 'थापातो' असा ऐकू येतो, म्हणून कुठल्या देशाचा उच्चार शिकायचा ते सुरुवातीलाच ठरवा आणि ऑडिओ तिथलाच घ्या.

जवळचा शब्द जो अर्थालाच पळवून नेतो

हात म्हणजे 'मानो'. सगळ्यांना पहिल्यांदा सुचते ती मान. आणि हीच वाईट युक्ती आहे, कारण मान पण शरीराचाच भाग, मग चार दिवसांनी 'मानो' ऐकलं की माणूस छातीठोकपणे 'मान' असं उत्तर देतो (मानेला 'कुएयो' म्हणतात). पाण्याचंही तसंच, 'आग्वा' ऐकून आग आठवते, आणि आगीसाठीचा 'फुएगो' शिकायची वेळ आली की दोन्हीची सरमिसळ होते. आधाराचा शब्द अर्थाच्या गल्लीतला नको, लांबचा पाहिजे. घरासाठी 'कासा' आहे, तिथं कासव चालतं, कारण कासव हा प्राणी आहे, घर नाही, आणि घर पाठीवर घेऊनच फिरतंय.

आणि चित्रात दोन गोष्टी नुसत्या शेजारी ठेवू नका. गाय इकडं, बाक तिकडं, असं चित्र पुसलं जातं. गायीनं बाकावर बसायला पाहिजे, बाक मोडायला पाहिजे, तिथल्या आजोबांनी ओरडायला पाहिजे. पण याचा अर्थ पाच मिनिटांची गोष्ट रचा असा पण नाही, काही जण एका शब्दाला अख्खा सिनेमा काढतात आणि मग शब्द आठवायला सिनेमा पहिल्यापासून बघावा लागतो. पंधरा-वीस सेकंदात सुचलं तर घ्या, नाहीतर शब्द तसाच घोका.

एकाच पेरूवर सगळी झाडं

कुत्रा म्हणजे 'पेर्रो', लगेच पेरू खाणारा कुत्रा तयार. दोन दिवसांनी 'पेरो' येतो, म्हणजे 'पण', परत पेरू. मग 'पेरा' येतो, म्हणजे नाशपाती, ते तर फळच, पेरूच्या अगदी जवळचं. आणि खऱ्या पेरूला म्हणतात 'ग्वायाबा'. चार शब्द एका पेरूला लटकले की काय होणार?

उपाय असा, पहिल्या शब्दाला दिलेला आधार दुसऱ्याला द्यायचाच नाही, आणि सारखे वाजणारे शब्द समोरासमोर ठेवून फरक मुद्दाम चित्रात घालायचा. पेर्रो मधला 'र्र' जीभ थरथरवून येतो, तर तो कुत्रा गुरगुरताना बघा, र्र्र्र. साध्या 'पेरो'ला चित्रच नको, तो वाक्यात इतक्यांदा येतो की आपोआप बसतो. जोर कुठं पडतो तेही बघा, आपल्याकडं जोर बदलल्यानं अर्थ बदलत नाही म्हणून कानाला सवय नसते, पण लॅटिन अमेरिकेत 'पापा' मध्ये पहिल्या पा वर जोर दिला तर बटाटा आणि दुसऱ्यावर दिला तर बाबा.

लिंग सोडून नुसता शब्द पाठ करणे

मराठीत तीन लिंगं, स्पॅनिशमध्ये नामांना दोनच. त्यामुळं आपले नपुंसकलिंगी शब्द सगळे अधांतरी राहतात, घर, दूध, मीठ, नाक, हे चारही तिकडं स्त्रीलिंगी आहेत. नियम म्हणून सांगतात की शेवटी 'ओ' आला की पुल्लिंगी आणि 'आ' आला की स्त्रीलिंगी, बहुतेक वेळा बरोबर, पण 'मानो' ओकारान्त असून स्त्रीलिंगी, आणि 'दीआ' (दिवस), 'मापा' (नकाशा), 'प्रोब्लेमा' हे आकारान्त असून पुल्लिंगी. या तिघांना मराठी लिंग लावलं तरी चालतंय, तो दिवस, तो नकाशा, तो प्रॉब्लेम, सगळे पुल्लिंगीच. पण भाषा म्हणजे 'इदिओमा', तो मात्र पुल्लिंगी, तिथं सावध.

यावर मला सगळ्यात आवडणारी युक्ती म्हणजे गावाचे दोन भाग करणं. पुल्लिंगी शब्दांची सगळी चित्रं खासबाग मैदानात, शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधलेलं ते, लाल मातीत. स्त्रीलिंगी शब्दांची सगळी चित्रं महाद्वार रोडवर, अंबाबाईच्या दारात, ओटीची ताटं आणि बांगड्यांच्या दुकानांत. बोका म्हणजे 'गातो', तर मैदानाच्या मधोमध बोका ताना घेऊन गातो. नाक म्हणजे 'नारीस', तर महाद्वारात नारीस नथ घालताहेत. 'मानो' पण इथंच सुटतो, मान म्हणजे गळ्यावरची नाही तर आदराची, मानाची सवाष्ण, आणि कासार तिच्या हातात बांगड्या भरतोय. हात, मान आणि स्त्रीलिंग तिन्ही एका झटक्यात. आता वरचा दुधाचा पैलवान बघा, 'लेचे' स्त्रीलिंगी आहे, म्हणून त्या लेच्यापेच्याला उचलून महाद्वार रोडवर आणायचा आणि त्याच्या हातात पेला देणारी एक दणकट मावशी उभी करायची, चित्रात राज्य मावशीचं.

जागा वापरताना एक पथ्य पाळा. बिंदू चौकापासून रंकाळ्यापर्यंतच्या वाटेवर आज भाज्या ठेवल्या आणि उद्या त्याच वाटेवर, त्याच कोपऱ्यांवर कपडे ठेवले तर शर्टाच्या जागी वांगी दिसणार. नवीन यादी, नवीन वाट. राजारामपुरीत गल्ल्या काय कमी आहेत?

जिथं युक्तीची गरजच नाही

काही जण 'ओस्पिताल' आणि 'आनिमाल' ला पण चित्रं काढत बसतात. हॉस्पिटल आणि ॲनिमल, कळलं की झालं. आणि आपल्याला तर गोव्याकडनं एक वेगळा खजिना मिळालाय, पोर्तुगीजांमुळं मराठीत आलेले शब्द स्पॅनिशचे सख्खे चुलत आहेत. पगार बघा, तिकडं 'पागार' म्हणजे पैसे देणे. बिजागरी म्हणजे 'बिसाग्रा'. बादलीला लॅटिन अमेरिकेत 'बाल्दे'. पाव म्हणजे 'पान', साबण म्हणजे 'हाबोन', चावी म्हणजे 'याबे' (पोर्तुगीज शब्दाच्या सुरुवातीचा च, स्पॅनिशमध्ये तिथं डबल एल). यांना युक्ती लावणं म्हणजे वेळ घालवणं, नातं ओळखा आणि पुढं चला. फक्त नात्यावर आंधळा विश्वास नको, 'बाताता' मागितला तर बऱ्याच ठिकाणी रताळं मिळेल, आणि 'सोपा' म्हणजे सूप, सोप नव्हे.

क्रियापदांना पण युक्ती अर्धीच पुरते. 'कोमेर' (खाणे), 'आब्लार' (बोलणे), 'बिबीर' (जगणे, राहणे), यात मूळ आठवतं आणि शेवटचा आर, एर, इर विसरतो, आणि सगळी रूपं त्याच्यावरच फिरतात. क्रियापद कायम एका छोट्या वाक्यात शिका. 'असणे' साठीचे 'सेर' आणि 'एस्तार' हे दोन तर युक्तीनं सुटणारं प्रकरणच नाही, तिथं वाक्यंच लागतात, भरपूर.

चित्र येतंय, शब्द येत नाही

याचं कारण बहुतेकदा असं की सराव एकाच बाजूनं झालाय. कार्डावर 'लेचे' बघून दूध ओळखणं सोपं, दूध म्हटल्यावर 'लेचे' काढणं अवघड, आणि बोलताना तर दुसरंच लागतं. म्हणून अर्धी कार्डं उलटी करा, मराठी वर आणि स्पॅनिश मागं, आणि मोठ्यानं म्हणा, मनातल्या मनात नको.

चित्र पक्कं बसलं म्हणून उजळणी टाळणं ही पण तितकीच मोठी चूक. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउसनं १८८५ मध्येच दाखवलंय. अँकी हे कार्डांचं ॲप दोन उजळण्यांमधलं अंतर स्वतः मोजतं, मोबाइल नको असेल तर सेबास्टियन लाइटनरची खोक्याची पद्धत घ्या, चपलेच्या रिकाम्या खोक्यात पाच कप्पे, आठवलं ते कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या कप्प्यात, आणि मागचे कप्पे कमी वेळा उघडायचे.

आणि शब्द पटकन यायला लागला की चित्राला हाका मारू नका. स्लॅब सुकला की सेंटरिंग काढतात, तसंच. दुकानदारासमोर उभं राहून पैलवान, मावशी, कट्टा असं फिरत बसलात तर गिऱ्हाइकांची रांग लागेल. कार्ड उचलल्यावर दोन सेकंदात शब्द आला तर चित्र आठवायचंच नाही, नाही आला तर मात्र चित्र बोलवा, आणि सलग तीनदा चित्रानं पण दगा दिला तर ते चित्र फाडा आणि ऑडिओ परत ऐकून दुसरं बनवा. हट्टानं जुनंच धरून बसलेले लोक मी बघितलेत, महिनाभर एकाच शब्दाशी झुंजतात, आणि नवीन चित्राला लागतात फक्त वीस सेकंद.