रशियन विशेषणे लावताना या चुका टाळा

नवा वाडा, नवी वही, नवं घर म्हणणाऱ्या आपल्याला रशियनची तीन लिंगं परकी वाटत नाहीत. तरीही पहिली चूक तिथेच होते. घर आणि पुस्तक मराठीत नपुंसकलिंगी, त्यामुळे 'नोवोये दोम', 'नोवोये क्नीगा' असं तोंडातून निघून जातं. बरोबर रूपं आहेत नोवी दोम आणि नोवाया क्नीगा. उलट आपली खिडकी स्त्रीलिंगी, पण रशियनमध्ये नोवोये ओक्नो. तेव्हा मराठी अर्थ विसरा आणि रशियन शब्दाचा शेवट पाहा: व्यंजन असेल तर पुल्लिंग, 'आ' असेल तर बहुधा स्त्रीलिंग, 'ओ' असेल तर नपुंसकलिंग.

खरी अडचण मृदू चिन्हाने (ь, आधीचं व्यंजन मृदू करणारं अक्षर) संपणाऱ्या शब्दांची. देन्य (दिवस) पुल्लिंगी, नोच (रात्र) स्त्रीलिंगी. नुसतं मृदू चिन्ह पाहून लिंग बहुधा कळत नाही. असे शब्द विशेषणासकट पाठ करावेत: दोब्री देन्य (चांगला दिवस), बेलाया नोच (पांढरी रात्र). मॉस्कोचा प्रसिद्ध लाल चौक 'क्रास्नाया प्लोशाद्य' आहे, कारण प्लोशाद्य स्त्रीलिंगी. इम्या (नाव) आणि व्रेम्या (वेळ) मात्र 'या'ने संपूनही नपुंसकलिंगी.

याच 'क्रास्नाया'वरून दुसरी चूक. मराठीत लाल, सुंदर, गोड ही विशेषणं लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, म्हणून रशियनमध्येही एकच रूप सगळीकडे चिकटवलं जातं. तिथे क्रास्नी, क्रास्नाया, क्रास्नोये असा बदल करावाच लागतो.

आजोबांबद्दल बोलताना तर दुहेरी फसगत होते. आपण आदराने 'माझे प्रेमळ आजोबा' म्हणतो, म्हणून रशियनमध्येही अनेकवचन लावायला जातो. नाहीतर देदूश्का 'आ'ने संपतो म्हणून स्त्रीलिंगी रूप लावतो. दोन्ही चूक. व्यक्ती पुरुष, म्हणून पुल्लिंगी एकवचन: मोय दोब्री देदूश्का.

अनेकवचन त्या मानाने सोपं. आपल्यासारखं नवे, नव्या, नवी नाही. तिन्ही लिंगांना एकच नोविये. फक्त लक्षात ठेवा, चासी (घड्याळ) हा शब्द कायम अनेकवचनी असल्याने एका घड्याळालाही नोविये चासी म्हणतात.

ऐकून लिहिताना कानावर विसंबू नका. आघात (उच्चारातला जोर) शेवटावर नसला की नोवाया आणि नोवोये जवळजवळ सारखेच ऐकू येतात. आधी नाम शोधा, त्याचं लिंग ठरवा, मग विशेषणाचा शेवट लिहा.