विठोबाला सगळं सांगायचं कसं

मी सोलापुरात ज्वारीच्या भाकरी करून देते. रोज शंभर-सव्वाशे, लग्नसराईत त्याहून जास्त. हे काम धरून आता 22 वर्षं झाली. मांडीवर घेऊन समजूत काढणारं कुणी उरलं नाही की बायका माझ्याकडे येऊन बसतात आणि विचारतात, मावशी, तुम्ही एकट्या असून इतक्या शांत कशा? त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी देवाला आपलं नाव सांगा. मोठ्याने, स्वतःच्या कानाला ऐकू येईल असं.

माझे मालक गेले त्या वर्षी मला नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं. सासरी मी मोठी वहिनी, गिऱ्हाइकांची मावशी. त्यातच आजारी पडून आठवडाभर दवाखान्यात होते, तिथे मी सात नंबर. "सात नंबरचं सलाईन संपलंय," एवढंच कानावर यायचं. एका रात्री झोप लागेना, तेव्हा अंधारात छताकडे बघत म्हटलं, "विठाई, मी कुसुम गं." पुढे काही बोलता आलं नाही, नुसती रडत राहिले. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, की मी कोण हे कुणाला तरी ठाऊक आहे. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. स्तोत्र पाठ नसलं तरी चालतं.

आणि अहो-जाहो नको. विठोबाला विठाई म्हणणारी आपली माणसं आहेत. आईशी जसं अगं-तुगं बोलता, तसंच बोलायचं.

दुसरं, वेगळी वेळ काढायच्या नादाला लागू नका. ती निघत नाही आणि मग त्याचीच खंत लागते. हाताला सवयीचं झालेलं एखादं काम निवडा. माझं काम भाकरीचं. काठवटीत पीठ मळताना मी गप्प असते, कारण पाण्याचा अंदाज घ्यायचा असतो. नव्या ज्वारीला एक, जुनीला वेगळा. गोळा थापायला घेतला की हात आपोआप फिरतो, भाकरी आपोआप वाढते, आणि तोंड मोकळं होतं. पहिल्या पाच भाकरींना नुसतं नाव घेते, विठ्ठल विठ्ठल. मन जाग्यावर आलं की सहाव्या भाकरीपासून बोलते. तुमचं काम भांड्यांचं असेल, शिलाई मशीनचं असेल, दुकानाचं शटर उघडून झाडून काढायचं असेल. कुठलंही चालेल.

आजी मला जनाबाईची गोष्ट सांगायची. जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून राबली. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या. तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं. विठोबा येऊन तिच्या जात्याच्या खुंट्याला हात लावायचा, तिने झाडलं की केर भरायचा. तिच्या डोक्याला लोणी चोळून न्हाऊही घालायचा. न्हाऊ घालणं ऐकलं की मी अजून थांबते. माझी आई गेल्यावर माझ्या डोक्याला तेल लावायला कुणाचा हात आला नाही. ज्या बाईकडे घरातलं कुणी वळून बघत नव्हतं, तिच्या केसांतला गुंता देवाला माहीत होता. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं म्हणून दाखवतात. गेलात तर तिथे दोन मिनिटं बसा.

बोलायचं काय, हे बायका सगळ्यात जास्त विचारतात. मागणं नंतर, आधी सांगणं. गुडघा आज जास्त दुखतोय. सिलिंडर उद्यापर्यंत पुरेल असं वाटत नाही. लेकीचा फोन आला नाही, आणि मीही मुद्दाम केला नाही. हे शेवटचं आवर्जून सांगायचं. आपण वाईट वागलो ते, मत्सर वाटला ते, धाकट्या जावेच्या बांगड्या बघून जीव जळाला ते. चांगलं चांगलंच सांगत राहिलं तर आपल्याच मनात राहून जातं, की खरी मी कळले तर तो प्रेम करणार नाही. सांगून बघा. मला एकदाही त्याने दूर लोटल्यासारखं वाटलं नाही.

राग आला तर भांडा. संतही भांडले त्याच्याशी. मालक गेल्यावर मी चाळीस दिवस विठोबाच्या फोटोकडे पाठ करून भाकरी थापल्या. पाठ केली होती, पण बोलत होते त्याच्याशीच.

उत्तर येत नाही असे दिवस येतात, मलाही येतात. तेव्हा कौल लावत बसू नका, खुणा शोधू नका. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता तेव्हा देव दारात आला. त्याने देवाला उभं राहायला वीट टाकली आणि म्हणाला, थांब. देव थांबला. कमरेवर हात ठेवून अजून उभा आहे. माझं मन कोरडं पडतं तेव्हा मी एवढंच धरून ठेवते, की थांबणं त्याला जमतं.

पण रात्रीच्या रात्री झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर विठोबाला सांगाच आणि त्याच दिवशी एखाद्या जवळच्या माणसाला आणि डॉक्टरलाही सांगा. दवाखान्याची पायरी चढल्याने भक्ती कमी होत नाही.

जमेल तेव्हा पंढरपूरला जाऊन या. सोलापूरहून एसटीने साधारण 70 किलोमीटर. आषाढी-कार्तिकीची गर्दी टाळून साधा वार धरा. मुखदर्शनाची रांग लवकर सरते, पण पहिल्यांदा जात असाल तर पदस्पर्शाचीच धरा. इथे कुणालाही विठोबाच्या पायांवर डोकं ठेवता येतं. हे सगळ्यांना मिळावं म्हणून 1947 साली साने गुरुजींनी उपोषण केलं होतं, हे रांगेत उभं असताना आठवा. पायांपाशी क्षणभरच मिळतो, लगेच पुढे सरकवतात. म्हणून सांगायचं एकच वाक्य रांगेतच ठरवून ठेवा.

देवळाच्या पहिल्या पायरीला नामदेव पायरी म्हणतात. तिच्यासमोर संत चोखोबांची समाधी आहे, ती चुकवू नका. त्यांना जन्मभर देवळात घेतलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले. ढिगाऱ्यात बऱ्याच जणांची हाडं होती. नामदेव एकेक हाड कानाला लावत गेले आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलून आणली, अशी कथा आहे. उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या माणसाचं हाडसुद्धा त्याच्या घरी ओळखू आलं.

जायला जमत नसेल तर अरणचे सावता माळी आठवा. मळा सोडून ते पंढरीला गेलेच नाहीत. देवच मळ्यात भेटायला आला, असं सांगतात.

माझी पहिली भाकरी तव्यावर पडते तेव्हा पावणेपाच झालेले असतात. वरून पाण्याचा हात फिरवते, उलटते, आणि ती फुगायला लागली की म्हणते, विठाई, मी कुसुम. मग गुडघ्याचं सांगते.