डोक्याला मार लागण्याआधी घरात काय तयार हवं

आत्या मोरीत घसरली ती आषाढातल्या एका सकाळी. नळाजवळच्या कठड्यावर डोकं आपटलं, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. रक्त नाही, चक्कर नाही. तिनं स्वतः उठून चहा टाकला, आम्ही बर्फ लावला आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलो. तीन आठवड्यांनी तिच्या उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. चप्पल मागे राहायची, आत्या तशीच पुढे जायची, आणि तिला पत्ताच नसायचा. सिटी स्कॅनमध्ये मेंदूवर साचलेलं रक्त दिसलं. ती रक्त पातळ करणारी गोळी घ्यायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती पडली त्या दिवशी मात्र कुणालाच आठवलं नाही. कवटीला छिद्र पाडून रक्त काढलं, आत्या बरी झाली. ही तयारी तेव्हापासूनची आहे.

सगळ्यात आधी कागद. घरातल्या प्रत्येकाचं वय, आजार आणि चालू औषधं एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ‘हृदयाची छोटी पांढरी गोळी’ असं लिहून उपयोग नाही, पट्टीवरचं नाव उतरवा. वॉरफेरिन, ॲसिट्रॉम, क्लोपिडोग्रेल यांसारखं रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर त्याखाली लाल रेघ मारा. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला, की त्याला कितीही बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, ते डॉक्टर ठरवतील. पासष्टीच्या पुढच्या माणसांनाही थोडक्यावर सोडू नका. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, कवटीत जागा होते, आणि झिरपणारं रक्त बरेच दिवस काही त्रास न देता साचत राहतं.

त्याच कागदावर रात्री सिटी स्कॅन कुठे होतो ते लिहा. हे आजच चौकशी करून ठेवायचं काम आहे. तालुक्याच्या गावी अनेकदा एक्स-रेवर समाधान मानलं जातं, पण एक्स-रेत हाड दिसतं, आतला रक्तस्राव दिसत नाही. सोबत १०८ आणि गाडी असलेल्या शेजाऱ्याचा नंबर असू द्या.

सामान फारसं लागत नाही. बर्फ, तो गुंडाळायला पंचा, स्वच्छ कापड, बॅटरी, पॅरासिटामॉल. डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. खोक पडली असेल तर कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. हाड आत दबल्यासारखं लागलं तर मात्र तिथे दाब देऊ नका. हळद किंवा कॉफी भरू नका, टाके घालण्याआधी डॉक्टरांना तीच आधी धुऊन काढावी लागते. माणूस बेशुद्ध असेल किंवा मान दुखतेय म्हणत असेल तर त्याला धरून बसवू नका, तोंडात पाणी घालू नका. बेशुद्धीत उलटी झाली तर दोघांनी मिळून डोकं, मान आणि अंग एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा.

आता मुख्य गोष्ट, लक्ष कशाकडे ठेवायचं. टेंगळाच्या आकारावरून आतलं काही कळत नाही. माणसाकडे बघा. क्षणभर का होईना शुद्ध गेली, झटका आला, एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या, डोकेदुखी उतरायच्या ऐवजी चढत गेली, बोलणं जड झालं, हातापायात जोर राहिला नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय, पडण्याआधीचं आठवत नाही, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळतंय, कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं पडलंय, बॅटरीच्या उजेडात एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय: यातलं एक जरी असलं तरी उशीर नको. कानशिलावरच्या माराला मी जास्त घाबरते. तिथलं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. ती फाटली तर माणूस तास-दोन तास छान बोलतो आणि मग एकदम गळून जातो. प्यायलेल्या माणसाच्या बरळण्याचा दोष सरळ दारूला देऊ नका, त्यालाही तपासून घ्या.

लहान मूल पडल्या पडल्या मोठ्यानं रडलं, थोड्या वेळानं दूध प्यायलं, खेळायला लागलं तर चांगलं लक्षण. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र दाखवून आणाच. टाळू फुगलेली वाटली, रडं थांबेना, किंवा बाळ नेहमीसारखं जागं होईना, तर ताबडतोब निघा. दोन वर्षांखालचं मूल तीन फुटांपेक्षा उंचावरून पडलं असेल तर वरवर ठीक दिसलं तरी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

‘झोपू देऊ नका’ हे आपल्याकडे हटकून सांगतात. लक्षणं काही नसतील आणि डॉक्टरांनी घरी पाठवलं असेल तर झोपू द्यावं. पहिले चोवीस तास त्याला एकटं मात्र ठेवायचं नाही, आणि रात्री कोण जवळ झोपणार हे संध्याकाळीच ठरवायचं. दोन-तीन तासांनी हाक मारा. डोळे उघडून नीट उत्तर दिलं की पुरे. हलवूनही उठत नसेल तर १०८.

कबड्डीत किंवा क्रिकेटमध्ये डोकं आपटलेल्या पोराला त्या दिवशी परत मैदानात उतरवू नका, तो कितीही गयावया करू दे. एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, आणि खेळ डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

शेवटचं काम कॅलेंडरवर. वयस्कर माणूस पडलं की त्या तारखेला फुली मारा आणि पुढचे दोन-तीन महिने पाऊल ओढतं का, शब्द सापडत नाही का, दिवसभर पेंगतं का, हे बघत राहा. आत्या आता स्वतःच रोज सकाळी अंगणात चार पावलं टाकून विचारते, ‘चप्पल आहे ना गं पायात?’